शेवटच्या रिळाची सुरुवात

५ मार्च २०१३

खताच्या दुकानदारानं यंदा बोलावून डायरी दिली. खत घ्यायला कुणी फिरकत नाही, त्यामुळं त्याच्याकडं डायऱ्या उरल्या असाव्यात. माझ्या हाती कोरा कागद आला की तो कोरा राहत नाही. नोंदी मात्र रोज करणार नाही. रोज लिहावं असं सध्या गावात काही घडत नाही. टँकर आला किंवा नाही आला, एवढंच.

आधी स्वतःविषयी लिहितो. माझं नाव भारत, पण नेकनूरच्या पलीकडच्या या आमच्या गावात मला सगळे 'ऑपरेटर' म्हणतात. टुरिंग टॉकीजच्या मशीनवर उमेदीची वर्षं गेली. तेलगावपासून उमापूरपर्यंत मोठी जत्रा असो की लहान, मी पडदा उजळल्याशिवाय ती जत्रा वाटत नसे. टॉकीज बंद झाली तेव्हा मालकानं निरोपाची भेट म्हणून लहान मशीन आणि एक सिनेमा दिला. 'तळ्याकाठचा बंगला'. काळा-पांढरा, रहस्याचा, नवरा-बायकोतल्या संशयाचा. या सिनेमाची रिळं मी पोटच्या लेकरासारखी जपली. दर अमावास्येला डबे उघडून वारा देतो. हा सिनेमा मला इतका पाठ आहे की पडद्याकडं पाठ करूनसुद्धा आता काय चाललंय ते सांगू शकतो.

दुसरा अभिमान घरातला. माझी बायको सरू महिला दूध संस्थेची अध्यक्ष आहे. आमच्या आईला या गावात ताक घ्यायचं तर भांडं लांब ठेवून मागं सरावं लागायचं. आज सरूच्या देखरेखीखाली सगळ्या आळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये पडतं. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. सरूला ते आवडत नाही. ती म्हणते, "दूध हाय ते, त्याची कावून दवंडी?"

संस्थेची कागदपत्रं मी बघतो. अध्यक्षांचा शिक्का माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात असतो. खादीचं जाकीट, बिनबाह्याचं. उन्हाळ्यातही घालतो. माणसाला पदर नसतो, निदान जाकीट तरी असावं.

९ मार्च

आज खासगी डेअरीवाले आबासाहेब स्वतः घरी आले. गाडी दारात. आळीतली पोरंसोरं गाडीच्या आरशांना चिकटली. सरू दूध संकलनाला गेलेली होती. मीच चहा केला.

आबासाहेब म्हणाले, "भारतराव, चारा छावणी मंजूर व्हायलीय. संस्थेच्या नावावर लवकर मिळती. नाव तुमच्या संस्थेचं, जागा माझी, माणसं माझी. बाईला काय तरास न्हाई. निस्ता ठरावावर शिक्का पायजे."

मी विचारलं, "आणि छावणीतल्या जनावरांचं दूध?"

"ते आमच्या डेअरीची गाडी गेटवरून उचलीन. बायांनी कावून कॅन वाहायचे उन्हातान्हाचे? शेणखताचंबी आमीच बगू."

बोलणं पटण्यासारखं होतं. सरूचे गुडघे दुखतात. मग उठता उठता ते म्हणाले, "छावणीत लोक महिनोन्महिने जनावरापाशी राहणार. त्यांच्या जिवाला विरंगुळा नको का? दर शनवारी सिनेमा लावू. ऑपरेटर तुमीच. पडदा मी नवा आणतो. नवी पिढी कुठं जाणती तुमचं काम?"

खरं सांगतो, अंगावर मूठभर मांस चढलं. एवढ्या वर्षांत माझ्या कामाला काम म्हणणारा पहिला मोठा माणूस भेटला. मी शब्द दिला.

१० मार्च

सरूला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. खडे बाजूला टाकत ऐकत राहिली. नवीन पडद्याचंही सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "बरं."

मी म्हणालो, "तुला बरं वाटलं ना?"

"बरं म्हणलं की."

मग सूप झटकत म्हणाली, "शिक्का माज्यापाशी ठिवते आता."

मी म्हणालो, "तू हरवशील. माझ्या खिशात नीट आहे." ती पुन्हा म्हणाली, "बरं."

अशी समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं. माझ्या सिनेमातल्या नायिकेनं, वसुधेनं, सुरुवातीपासूनच इतकं समजून घेतलं असतं तर तिला एवढा मनस्ताप झाला नसता. अर्थात मग सिनेमाही झाला नसता.

२१ मार्च

मशीनचा पट्टा तुटला होता. शिलाई मशीनचा जुना पट्टा कापून बसवला. भिंगाला मऊ धोतराची घडी, दातऱ्यांना शिलाई मशीनचंच तेल. फिरवून पाहिलं तर अशी गोड कुरकुर झाली की डोळ्यांत पाणी आलं. गावात पाण्याची एवढी टंचाई, ते वाया घालवलं नाही पाहिजे, म्हणून लगेच पुसलं.

सरू हल्ली उन्हं उतरली की छबुबाईबरोबर गायरानाकडं फिरायला जाते. छबुबाई म्हणजे संस्थेची उपाध्यक्ष, शेजारच्या आळीतली, जिभेला हाड नसलेली बाई. डॉक्टरनं सरूला चालायला सांगितलं होतंच. काल बरोबर दगडाबाईही होती. ती म्हातारी काठी टेकत टेकत गायरानावर गेली. तब्येतीची काळजी आता खेड्यातल्या बायाही घेऊ लागल्या, ही चांगली गोष्ट आहे. दगडाबाईच्या बोअरला अजून थोडं पाणी आहे, त्याचं त्या काहीतरी बोलत होत्या. पाण्याशिवाय दुसरा विषय नाही कुणाला.

२ एप्रिल

जयंतीला समाजमंदिरापुढं माझा सिनेमा लागणार. समितीनं एकमतानं ठरवलं. (पोरांना डीजे पाहिजे होता, पण जनरेटर त्या रात्री माझ्याकडं आहे.) आधी मी रसग्रहण वाचणार. ते आज लिहून काढलं. इथं उतरवून ठेवतो, म्हणजे राहील.

"रसिकहो! वसुधा ही तळ्याकाठच्या बंगल्याची एकटी मालकीण. मनोहर लग्न करून त्या घरात येतो. तो तिला सारखा होडीतून तळ्यात चल म्हणतो. तिला पोहता येत नाही. एकदा तो सहज म्हणतो की बंगला आपल्या नावावर असता तर बरं झालं असतं, आणि वसुधेच्या मनात पाल चुकचुकते. आता दिग्दर्शकाची करामत पाहा. मनोहरचा चेहरा तो कधीच पूर्ण उजेडात आणत नाही. एक गाल दिसतो, दुसरा काळोखात. जिन्याच्या कठड्याची सावली वसुधेच्या अंगावर पडते, आणि स्वतःच्या घरात उभी असलेली बाई गजांआड उभी असल्यासारखी दिसते. भीतीच्या वेळी ढोल-ताशे वाजत नाहीत. वल्ह्याचा आवाज येतो, चुबुक, चुबुक, आणि खुंटीवर टांगलेला कोट एवढंच दिसतं. रंग असते तर आपण कोटाचा रंग बघत बसलो असतो. रंग नाहीत म्हणून आपण कोट बघतो.

पण रसिकहो, हा सिनेमा अखेर विश्वासाचा आहे! शेवटी मनोहर विचारतो, 'तुझा माझ्यावर विश्वास नाही?' वसुधा म्हणते, 'आहे.' ती होडीत बसते. होडी मध्यावर येते आणि ती ते अमर वाक्य बोलते, 'थंडी वाजते, तुमचा कोट द्या.' मराठी सिनेमात यापेक्षा प्रेमाचं वाक्य झालं नाही. कोट देताना मनोहर थबकतो. केवढा संकोच! ती कोट अंगावर घेते, खिशात हात घालून ऊब घेते, खाली वाकून पैंजण नीट करते. मग हसते आणि म्हणते, 'आता वल्हं मी मारते.' मनोहर पांढराफटक पडतो. प्रेमानं माणूस असा पांढरा पडतो, हे दाखवायला काळा-पांढरा सिनेमाच पाहिजे. संशय सोडला की होडी आपोआप काठाला लागते, हा या चित्रपटाचा संदेश होय."

वाचून पाहिलं. एक शब्द इकडचा तिकडं करायला नको. शाळेतल्या गुरुजींना असं जमणार नाही.

सरूला ऐकवलं. ती म्हणाली, "मी न्हाई बगितला अजून ह्यो सिनेमा." हे खरं आहे. ऑपरेटरची बायको तंबूत येऊन बसली तर लोक काय म्हणतील, असं तेव्हा मला वाटायचं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात.

८ एप्रिल

आज मनात एक विचार आला, तो लिहून टाकतो. मी अंगणात आलो की सरू आणि छबुबाई बोलायचं थांबतात. दोनदा झालं. कालपर्यंत मी कधी संशय घेणारा माणूस नव्हतो. घरात काहीतरी शिजतंय आणि मला वास येत नाही, असं वाटतं.

विचारलं तर सरू म्हणाली, "बायाबायांचं हाय."

मी विषय सोडला. ज्याचा सिनेमाच विश्वासावर आहे, त्यानं संशय घ्यायचा म्हणजे दिव्याखाली अंधार.

१५ एप्रिल

काल जयंती. सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक, आणि अंधार पडल्यावर माझा सिनेमा. सगळ्या आळ्यांमधून माणसं आली. आबासाहेबांनी कबूल केलेला नवा पडदा काही आला नाही, म्हणून विहाराच्या पांढऱ्या चादरी जोडून लावल्या. माझं रसग्रहण बऱ्यापैकी झालं, पोरांनी मधे शिट्ट्या मारल्या त्या सोडून.

सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर तळं आलं. ते काठोकाठ भरलेलं तळं पाहून अख्खी गर्दी "आ!" करून उठली. बाया रहस्य विसरल्या. दगडाबाई मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, किती ते पानी! आन ही बया रडायलीय कावून?" कुणी म्हणालं, ढोरं सोडा तिथं. त्यांना गप्प करेपर्यंत पहिलं रीळ संपलं.

मग मात्र सिनेमानं सगळ्यांना धरलं. कोट दिसला की कुजबुज थांबायची. ते पाहून मला केवढा अभिमान वाटला! इतकी वर्षं झाली, तो कोट अजून तितकीच भीती घालतो.

शेवटचं रीळ लावलं, आवाज जुळवला आणि नेहमीच्या शिस्तीप्रमाणं पडद्याकडं पाठ करून आधीचं रीळ चरखीवर उलटं गुंडाळायला बसलो. बाकीची रिळं मागाहून गुंडाळली तरी चालतात. पण शेवटचं लागलं की आधीची सगळी डब्यात गेली पाहिजेत, कारण टॉकीजमध्ये लगेच दुसरा खेळ असायचा. हात अजून तसेच चालतात. या रिळाच्या सुरुवातीला बोलणं नाही, नुसती सतार आहे. मी तिची चाल शिट्टीवर धरतो. नेमकं तेव्हाच बायांच्या बाजूनं मोठा गलका झाला. मी वळून "शांतता राखा" म्हणालो आणि पुन्हा चरखी धरली.

आणि मग ते कोटाचं वाक्य आलं. "थंडी वाजते, तुमचा कोट द्या." माझ्या अंगावर काटा आला. बाया हसल्या! हसल्या म्हणजे टाळ्या देऊन हसल्या. छबुबाईनं तर तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. इतका नाजूक शृंगार, आणि या हसतात. खेडं ते खेडं.

संपल्यावर दगडाबाई जाताना म्हणाली, "बूच काडलं मुडद्यानं, पर ती बी काय कमी न्हाई!"

कसलं बूच? या सिनेमात कुठंच बूच नाही. म्हातारी मधेच डुलकी घेऊन स्वप्न पाहून उठली असणार.

१६ एप्रिल

 आज भाकरी थापताना सरूनं विचारलं, "तुमी फुडं बसून बगितलाय का कवा ह्यो सिनेमा?"

मी म्हणालो, "शेकडो वेळा दाखवलाय."

"दावलाय. बगितलाय का?"

"अगं, मला पाठ आहे!"

ती हसली. फार दिवसांनी अशी हसली. म्हणाली, "वसुधा लई आवडली मला."

मला मनापासून आनंद झाला. तिला म्हणालो, "बघ, शेवटी तिनं नवऱ्यावर विश्वास टाकला म्हणून तर." सरूनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "टाकला की."

२१ एप्रिल

दोनदा डायरी उघडून मिटली. तरी झालं ते क्रमानं लिहितो.

आज संस्थेची सभा, दूध संकलन केंद्रापुढच्या लिंबाखाली. आबासाहेब खुर्चीवर. बाया खाली, बरेचसे पुरुष कडेला उभे. सरू आणि मी बाकावर. ऊन असं की कॅनला हात लावला तर चटका बसावा.

आबासाहेब उठले आणि म्हणाले, छावणी आपल्या रानात होईल, ठराव तयार करून आणलाय, "अध्यक्षबाईच्या वतीनं भारतराव बोलतील."

हे नेहमीचंच आहे. सभेत तिच्या वतीनं मीच बोलतो. मी उठायला लागलो, तेवढ्यात सरूनं माझ्या सदऱ्याची बाही धरली. सगळ्यांदेखत म्हणाली,

"थंडी वाजती. तुमचं जाकीट द्या."

मी गार झालो. एप्रिलच्या उन्हात, सगळ्या गावासमोर, माझ्या बायकोनं माझ्या सिनेमातलं वाक्य मला म्हटलं! आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हिनं कधी माझं नाव घेतलं तरी उखाण्यात घेतलं. माझे डोळे भरून आले. मी जाकीट काढून तिच्या खांद्यावर ठेवलं. बाया हसत होत्या. हसू द्या म्हटलं.

सरूनं लुगड्यावर जाकीट घातलं. आतल्या खिशात हात घातला. शिक्का काढला, पदराच्या टोकात बांधला, आणि उभी राहिली.

म्हणाली, "आता वल्हं मी मारते."

असा गलका उठला की लिंबावरचे कावळे उडाले. दगडाबाई काठी आपटत होती. मला काही समजेना. ही तर प्रेमाची वाक्यं आहेत!

मग सरू बोलली. आवाज चढवला नाही. "आबासाहेब, छावनी व्हईल. पर तुमच्या रानात न्हाई, गायरानात. जागा आमी बगून ठिवलीय. पानी दगडाबाईच्या बोअरचं, कमी पडंल ते टँकरचं. वैरण बायाच वाटतील. दूध संस्थेतच येईल. गेटवरून दूध गेलं तर पावसाळ्यापतोर ह्यो कॅन सुकून जाईल. समद्या आळ्यांचं दूध पडतं असं गावात हे एकच भांडं हाय. ते मी मोडू द्यायची न्हाई."

आबासाहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "भारतराव, तुमी शब्द दिलता."

मी सरूकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती बायांकडं बघत होती आणि म्हणाली, "गायरानाला ज्यांचं हो हाय त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. बांगड्यांचा आवाज झाला. एकही हात खाली नव्हता. छबुबाईनं दोन्ही हात वर केले, तेव्हा तिला एक खाली घ्यायला सांगावं लागलं. तिथल्या तिथं ठराव लिहिला गेला आणि सरूनं त्यावर शिक्का मारला.

आबासाहेब गाडीत बसले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घर सांभाळा, ऑपरेटर."

२२ एप्रिल

जेवलो नाही. सरूनं ताट झाकून ठेवलं. जाकीट धुऊन वाळत घातलंय. खिसा उलटा करून.

२४ एप्रिल

बोलणं बंद होतं, ते मीच सुरू केलं. म्हणालो, "मला आधी सांगायचं. मी काय परका होतो?"

ती म्हणाली, "तुमी शब्द द्यायच्या आदी मला इचारलं का?"

"तुझ्या भल्यासाठीच केलं."

"मनोहरबी तेच म्हणतोय की."

"त्याचं वेगळं! तो निर्दोष होता. सिनेमात तेच तर आहे!"

यावर ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. दिवे गेल्यावर चाचपडणाऱ्या माणसाकडं बघावं तसं. म्हणाली, "छावनी सुरू हू द्या. मग शनवारी तुमचा सिनेमा लावू."

मी म्हणालो मला लावायचा नाही. ती म्हणाली, "तुमाला लावायला कुणी सांगितलंय?"

या बोलण्याचा अर्थ लागला नाही. रागात लिहितोय, पण खरं ते लिहिलं पाहिजे. सभेत ती बोलत होती तेव्हा, माझी मान खाली गेलेली असतानाही, मनात एक आवाज म्हणत होता: ऐका, ऐका, ही माझी बायको आहे.

४ मे

छावणी सुरू होऊन आठवडा झाला. गायरानात लोखंडी पाइप आणि हिरव्या जाळीची सावली, खाली ओळीनं जनावरं. वैरणीची पेंढी छबुबाई मोजून देते. तिच्याशी कुणी हुज्जत घालत नाही. संध्याकाळी सगळ्या धारा संस्थेच्या कॅनमध्ये. आबासाहेबांच्या घरची जनावरंसुद्धा परवा आली. त्यांचा गडी मान खाली घालून उभा होता. सरूनं त्याला पाणी दिलं आणि दावणीला जागा दाखवली. कुणाला टोमणा मारू दिला नाही.

बाहेरगावची माणसं छावणी बघायला येतात. विचारतात, चालवतं कोण? मी हल्ली बोट दाखवतो. काही म्हणायला लागत नाही.

छबुबाई रोज दुपारी माझ्याकडं येऊन मशीन शिकते. फिल्म कुठून कुठं ओवायची, चित्र आणि आवाज कसा जुळवायचा. सरूनं पाठवलंय म्हणते. हात चांगला आहे तिचा. तोंड मात्र मशीनपेक्षा जास्त चालतं.

११ मे

आज शनिवार. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

दिवेलागणीनंतर गायरानात पडदा लावला. जनावरं रवंथ करत बसलेली, त्यांच्यामधूनच माणसं. मी मशीनकडं निघालो तर सरूनं हात धरला. "तुमी आज फुडं बसा. मशीन छबू बगती."

मी म्हणालो, ती रीळ तोडेल. ती म्हणाली, "तोडू द्या. चिकटवाल उद्या."

मी पुढं बसलो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मशीनची कुरकुर माझ्या पाठीमागं होती. सारखं मागं वळून बघावंसं वाटत होतं. छबुबाईनं एकदाही चुकवलं नाही, ते मला थोडं लागलंही.

शेवटचं रीळ आलं. माझे हात आपोआप चरखी शोधू लागले. चरखी नव्हती. सरूनं माझा हात आपल्या हातात घेऊन दाबून ठेवला आणि म्हणाली, "आता बगा."

सतार सुरू झाली. मी ज्या चालीवर उभं आयुष्य शिट्टी मारली, ती सतार. पडद्यावर पहाट होती. धुकं. काठाला लागलेली होडी. मनोहर येतो, इकडं-तिकडं बघतो, वाकतो. होडीच्या तळातलं बूच उपटून काढतो. त्या जागी चिंधी कोंबतो. बूच कोटाच्या खिशात टाकतो. मग चित्र हळूहळू वर चढतं, भिंतीवरून, वेलीवरून, वरच्या खिडकीपर्यंत. काचेमागं वसुधा उभी असते. तिनं सगळं पाहिलंय. तिच्या चेहऱ्यावर भीती नाही. पहिल्यांदाच तिचा पूर्ण चेहरा उजेडात आहे.

अर्ध्या-पाऊण मिनिटाची गोष्ट. ती घडायची तेव्हा दरवेळी माझी पाठ पडद्याकडं असायची.

पुढचं सगळं मला पाठ होतं आणि त्यातलं काहीच मला माहीत नव्हतं. "तुझा माझ्यावर विश्वास नाही?" "आहे." या 'आहे'चा अर्थ, तू काय केलंस ते मला कळलंय. "थंडी वाजते, तुमचा कोट द्या." मनोहर थबकतो तो संकोचानं नव्हे. ती वाकते ती पैंजणासाठी नव्हे. बूच परत बसवायला. आणि तो पांढरा पडतो तो प्रेमानं तर नव्हेच. त्याला मारायचं तिच्या मनात नाही, सोडून द्यायचंही नाही. वल्हं हातात घेऊन ती त्याला काठाला आणते. मी जिला भोळी, समजूतदार म्हणत आलो, तिच्याइतकी धीराची बाई मी दुसऱ्या सिनेमात पाहिली नाही. सिनेमात पाहिली नाही, असं लिहितो. घरात पाहिली.

कोटाच्या वाक्याला आज एकही बाई पडद्याकडं बघत नव्हती. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. दगडाबाईनं दुरून विचारलं, "घावलं का बूच, ऑपरेटर?" आणि सगळं गायरान हसलं. मीही हसलो. पोट धरून हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि या वेळी ते पुसलं नाही.

लाज वाटली का? वाटली. पण लाजेपेक्षा अभिमान जास्त वाटला, हे या पानावर कबूल करायला हरकत नाही. सिनेमा माझा. तो पहिल्या खेळातच ओळखणारी बायको माझी. रसग्रहण पुन्हा लिहायला लागेल. ते सरूला विचारून लिहीन.

पडद्यावर होडी काठाला लागत होती. वाऱ्याची झुळूक आली, जाळी फडफडली. मी सरूकडं वाकून हळूच म्हणालो, "थंडी वाजते का? जाकीट देऊ?"

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आता काय हाय त्यात?"